शेजारीण मंडळाच्या इतिवृत्तात न आलेलं

मी मंडळाची सचिव झाले ती अक्षर बरं होतं म्हणून. बाकी माझ्यात तसा काही गुण नव्हता. वाचनालयातली नोकरी, पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक लिहून लिहून हाताला वळण लागलेलं, एवढंच. पण वीस-बावीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली आणि त्यातून एक विद्या शिकले. वहीत 'चर्चा झाली' असं दिसलं की समजावं, भांडण झालं. 'सविस्तर चर्चा झाली' म्हणजे कुणीतरी मधूनच उठून गेलं. आणि 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' म्हणजे त्या दिवशी खायला सांदणं होती.

जे वहीत बसत नाही ते वाया जात नाही, ते साठत जातं. त्यात आमचं मंडळ बायकांचं आणि काम शांतता राखण्याचं, म्हणजे साठणार किती ते बघा. गेल्या वर्षी पुण्याहून मेधाताई आल्या. त्या तिकडे कॉलेजात इतिहास शिकवतात. लहान गावांतल्या बायकांनी शांततेसाठी जे केलं त्याचे कागद जपायचे, असा त्यांचा प्रकल्प. बरोबर स्कॅनर, पांढरे हातमोजे, मऊ ब्रश. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमची ट्रंक उघडून त्या एकेक कागद उचलायच्या आणि विचारायच्या, "कुंदाताई, हे काय?" स्कॅनरला पान घ्यायला अर्धं मिनिट लागायचं, मला अर्धा तास. त्यांचा आठ दिवसांचा मुक्काम महिन्यावर गेला तो असा.

* * *

मंडळ निघालं ते भोंग्यांमुळे. आमच्या आळीच्या टोकाला नाका आहे आणि नाक्यापलीकडे मोहल्ला. एका उन्हाळ्यात दोन्हीकडच्या लाऊडस्पीकरांची तोंडं एकमेकांकडे झाली, आणि मग माणसांचीही. एकदा बाचाबाची, एकदा धक्काबुक्की. पुरुषांची शांतता समिती होतीच. ती जमायची, चहा घ्यायची, फोटो काढायची. भोंगे होते तिथेच.

तेव्हा सुमतीबाईंनी बायकांची सभा बोलावली. बाई मुख्याध्यापिका म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या. गावातल्या निम्म्या बायकांना त्यांनी कधी ना कधी अंगठे धरून उभं केलेलं आहे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दोन्हीकडच्या साठेक बायका जमल्या आणि साहजिकच सगळ्या एकदम बोलायला लागल्या. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली आणि म्हणाल्या, "शांतता."

खोली चिडीचूप झाली. पन्नाशीच्या बायका हाताची घडी घालून बसल्या. मग बाईंनी सांगितलं की मंडळाचं नाव 'महिला शांतता मंडळ' असावं.

मागच्या बाकावर पार्वती होती. मिरकरवाड्याची, मासे विकणारी. आमच्या आळीत आणि मोहल्ल्यात तिचा रोजचा फेरा. ती बाईंच्या शाळेत कधी गेली नव्हती, त्यामुळे तिला भीतीही नव्हती. तिने विचारलं, शांतता म्हणजे आत्ता झाली तशी का? तशी असेल तर आपल्याला जमायचं नाही, कारण गप्प बसणाऱ्या बाईकडून मासळी कोण घेतो. बाईंनी समजावलं की ही शांतता वेगळी. पार्वतीला फरक पटला नाही. मग मोहल्ल्यातल्या खैरूनभाभी उठल्या. भाभी कपडे शिवायच्या, त्यामुळे दोन्हीकडच्या बायकांची मापं त्यांच्याकडे होती. त्यांनी 'मैत्रीण मंडळ' असं नाव सुचवलं. टाळ्या पडल्या, पण पार्वतीला तेही चालेना.

"मैत्रीण नको," ती म्हणाली. "मैत्रीण सोडता येते. शेजारीण नाय सोडता येत."

मी वहीत लिहिलं, 'नावाबाबत चर्चा झाली.' नाव ठरलं शेजारीण मंडळ. बाई अध्यक्ष, भाभी उपाध्यक्ष. त्या रात्री साठ घरांत जेवताना काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण आठवड्याच्या आत दोन्ही भोंग्यांची तोंडं आभाळाकडे झाली. आभाळाने तक्रार केली नाही.

* * *

पुढे एकदा लांब कुठेतरी युद्ध पेटलं. टीव्हीवर रोज पडलेली घरं दिसायची. आपण काय करणार, असं म्हणत म्हणत आम्ही मूक मोर्चा काढायचं ठरवलं. तोंडाला पांढरी पट्टी, हातात फलक, एसटी स्टँडपासून मासळी बाजारापर्यंत. बाईंनी पार्वतीला वेगळं बोलावून बजावलं की अर्धा तास एक शब्दसुद्धा काढायचा नाही. पार्वतीने नुसती मान डोलावली. बाई खूश झाल्या.

मोर्चा बाजाराशी आला तिथे पार्वतीचं रोजचं गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभं होतं. एक निवृत्त साहेब, मासळीशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नाही असे. त्यांना मोर्चा दिसला नाही, पार्वती दिसली. ते रस्त्याच्या कडेने तिच्याबरोबर चालू लागले आणि विचारू लागले, पापलेटं राखून ठेवलीस ना? पार्वतीने मान हलवली. किती ठेवलीस? पार्वतीने उजवा हात उंच करून दोन बोटं दाखवली.

नेमका त्याच क्षणी कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर पार्वती. तोंडाला पट्टी, डोळ्यांत निर्धार, वर दोन बोटं. खाली ओळ होती, 'विजयाची खूण करून जगाला शांततेचा संदेश देणारी रत्नागिरीची महिला.'

ते कात्रण आमच्या फाइलमध्ये आहे. मेधाताईंनी त्यावर मोठा परिच्छेद लिहिला होता. किनाऱ्यावरच्या श्रमिक बाईने ही जगभरची खूण कशी आपलीशी केली, वगैरे. फार चांगलं लिहिलं होतं. त्यांनी तो पार्वतीला वाचून दाखवला आणि त्या दिवशी मनात काय होतं असं विचारलं. पार्वतीने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"तीन होती," ती म्हणाली. "एक मी घरी ठेवलं होतं."

* * *

खैरूनभाभींचे यजमान बोटीवर होते. आमच्याकडे असे बरेच. भाभींना वाटलं, इतकी माणसं इतक्या देशांत जातात, तर प्रत्येकाबरोबर एक पत्र द्यावं. बोट ज्या बंदराला लागेल तिथे जी बाई भेटेल तिच्या हातात द्यायचं. आम्ही रत्नागिरीच्या बायका, आम्हाला युद्ध नको, तुम्हालाही नको असेल, अशा चार ओळी. वर मराठी, खाली बाईंचं इंग्रजी. दाभोळच्या, राजापूरच्या ओळखीच्या बायकांनीही पत्रं लिहून पाठवली. नुसता कागद कसा द्यायचा, म्हणून भाभींनी प्रत्येक पत्राबरोबर कैरीच्या लोणच्याची छोटी बरणी दिली.

उत्तरं येतील असं कुणी धरलं नव्हतं. एक आलं. भाभींचे यजमानच घेऊन आले. लांबच्या एका थंड बंदरातल्या खानावळवालीने लिहिलेलं. लिपी गावात कुणाला वाचता येईना. अक्षर मात्र देखणं, खाली झोकदार सही. बाईंनी ते फ्रेम करून घेतलं. दरवर्षी वर्धापनदिनाला फ्रेम टेबलावर ठेवायची, बाई 'परदेशी भगिनीचा शांतिसंदेश' असं म्हणायच्या आणि आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभ्या राहायचो. काही जणींच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं, खोटं कशाला सांगू.

मेधाताईंनी त्या फ्रेमवर मोबाइल धरला. आता म्हणे मोबाइलच भाषांतर करतो. त्या वाचायला लागल्या आणि मधेच थांबल्या. बाई समोर खुर्चीत ताठ बसलेल्या, आम्ही सगळ्या कान देऊन. वाचा, असं बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी हळू आवाजात वाचलं. तुमचं पत्र मला वाचता आलं नाही याबद्दल माफ करा. बरणीतलं जे होतं ते माझ्या नवऱ्याने चार दिवसांत संपवलं. त्याने जेवताना तोंडातून चांगला शब्द काढला त्याला फार दिवस झाले होते. आणखी मिळेल का?

तेरा वर्षं आम्ही लोणच्याच्या मागणीपुढे स्तब्ध उभ्या राहिलो होतो. पार्वतीने पदर तोंडाशी धरला. कुणी हसायचं धाडस केलं नाही, कारण बाई फ्रेमकडेच बघत होत्या. मग त्या भाभींकडे वळल्या.

"म्हणजे ती बाई इतकी वर्षं वाट बघत असेल," त्या म्हणाल्या.

आंबे सरत आले होते. भाभींनी केळशीच्या नातेवाइकांकडून शेवटच्या कैऱ्या मागवल्या आणि मोठी बरणी भरून बोटीवर निघालेल्या भाच्याच्या सामानात घातली. फ्रेम अजून आहे. वर्धापनदिनाला आम्ही अजूनही उभ्या राहतो.

* * *

मंडळाचं नाव जरा झालं तशी बाहेरून बोलावणी यायला लागली. राजापूर तालुक्यातल्या एका गावात दोन वाड्यांचा तंटा होता. एका वाडीने पायवाटेत दगडांचा गडगा घातला होता आणि दुसऱ्या वाडीला वळसा पडत होता. वर्षभर दोन्हीकडच्या बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जात नव्हत्या. त्यांनीच पत्र पाठवलं की येऊन मिटवा, दुपारी जेवायलाच या.

आम्ही चौघी एसटीने निघालो. बाईंनी वाटेत मध्यस्थीचे नियम सांगितले. दोन्ही बाजू ऐकायच्या, आपलं मत द्यायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई करायची नाही.

लांजा सोडल्यावर पुढच्या सीटवरच्या दोन बायकांचं खिडकीवरून वाजलं. एकीला मळमळत होतं म्हणून खिडकी उघडी हवी, दुसरीच्या कानात वारा जात होता म्हणून बंद. पार्वतीने मळमळणारीची बाजू घेतली. भाभींनी कानवालीची घेतली. नियम तिथेच मोडला. बाई मात्र नियमाने वागल्या. त्यांनी दोघींना पुरतं बोलू दिलं, आधीच्या आजारपणांसकट. घाई केली नाही. खिडकी अर्धी उघडी ठेवायचं ठरलं, दोघीही सारख्याच नाराज झाल्या, आणि आमचा थांबा केव्हाच मागे गेला. आम्ही थेट राजापूरच्या स्टँडवर उतरलो. परतीची गाडी दोन तासांनी.

गावात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. भांडण असल्यामुळे दोन्ही वाड्यांनी आमच्यासाठी वेगवेगळं जेवण केलं होतं. एक वाजला, दीड वाजला, पाहुण्यांचा पत्ता नाही. तेव्हा एका वाडीतली बाई चौकशीला गडग्यापाशी आली, दुसरीकडचीही आली, आणि दोघी मिळून आम्हाला नावं ठेवायला लागल्या. शहरातल्या बायकांना दुसऱ्याच्या जेवणाची किंमत नसते, यावर दोन्ही वाड्यांचं पूर्ण एकमत झालं. वर्षभरात पहिल्यांदा. बोलता बोलता भूक लागली, तेव्हा टोपं इकडून तिकडे न्यायला अडचण होते म्हणून पुरुषांनी मधला चार हात गडगा उतरवला. आम्ही गेलो तर सगळे एका पंगतीला बसून हात धुऊन मोकळे झालेले.

एका म्हातारीने आम्हाला उरलेलं वाढलं आणि म्हणाली, "तुमी वेळेवर आलात नाय ता बरा झाला."

परत येताना मी बाईंना विचारलं की वहीत काय लिहू. मध्यस्थी यशस्वी, त्यांनी सांगितलं. आणि पद्धत? बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"घाई केली नाही," त्या म्हणाल्या.

* * *

मेधाताईंना सगळ्यात नवल वाटलं ते आमच्या जुन्या वह्या टिकल्या याचं. आमच्याकडच्या हवेत चपलांनाही बुरशी येते. कागदांचं कसं जमवलंत, असं त्या सारख्या विचारायच्या.

झालं असं होतं की एका पावसाळ्यात वाऱ्याने वाचनालयाची कौलं उडाली आणि कपाटात पाणी गेलं. सकाळी कुलूप काढलं तर वह्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. मी पुस्तकांत आयुष्य काढलेली बाई, पण मला काही सुचेना. मी पायरीवर बसून रडत होते. पार्वती मासे घेऊन चालली होती, ती थांबली. तिने आत जाऊन बघितलं, टोपली रिकामी केली, त्यात वह्या भरल्या आणि घरी घेऊन गेली. मला म्हणाली की ओलं कसं सुकवायचं ते तुझ्या पुस्तकांत नसेल, माझ्या ओटीवर आहे.

तिने वह्यांची शिवण उसवली. ओटीवर दोऱ्या बांधल्या, खाली घमेल्यात निखारे ठेवले आणि पान न् पान टांगलं. पंधरा दिवस ती आणि तिची सून पाळीपाळीने मांजरं हाकत बसल्या. मी नंबर घालून पानं पुन्हा शिवली. बाईंनी शाईच्या पेनाचा आग्रह धरला होता आणि मी गुपचूप बॉलपेनने लिहीत आले होते, म्हणून अक्षरही वाचलं.

मेधाताईंनी हे ऐकून एक वही नाकाशी नेली. कसर नाही, बुरशी नाही. त्यांनी फार आदराने पार्वतीला विचारलं की या दोऱ्यांवर आधी काही औषध लावलं होतं का.

"बोंबील," पार्वती म्हणाली.

* * *

आता जरा अवघड आहे ते. गावाला सलोखा शिकवणाऱ्या आमच्या मंडळाच्या अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एकदा तीन महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या.

वर्धापनदिनाला खैरूनभाभींचं भाषण होतं. आयुष्यातलं पहिलं. घरी चार वेळा म्हणून आलेल्या, नवा सूट घातलेला. भाभींच्या बोलण्यात ण नाही. पाण्याला पानी, कोणाला कोन. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या-तुमच्या विहिरीचं पानी एकच. पहिल्या रांगेतून बाई सवयीने म्हणाल्या, पाणी. भाभी अडखळल्या, पुन्हा सुरुवात केली. बाई पुन्हा म्हणाल्या, पाणी. बाईंच्या मनात काही नव्हतं, चाळीस वर्षांची खोड. पण तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा भाभींनी कागदाची घडी केली.

"बाई, ही भाषा माझ्या आजीच्या आजीपासून माझ्या घरात हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या शाळेतून आनलेली नाय."

आणि त्या निघून गेल्या. बाईंचा चेहरा उतरला. चूक त्यांना तिथल्या तिथे कळली होती. पण चूक दाखवायची सवय असलेल्या माणसाला कबूल करायची नसते.

त्या पावसाळ्याची इतिवृत्तं वाचून मेधाताई हसत सुटल्या. 'अध्यक्षांनी सचिवांना उपाध्यक्षांना विचारण्यास सांगितले.' 'उपाध्यक्षांनी खिडकीकडे पाहून होकार दिला.' मी काही विनोद केला नव्हता, झालं ते लिहिलं होतं. तेव्हा मला हसू येत नव्हतं. सभेला मोहल्ल्यातल्या बायका कमी यायला लागल्या होत्या. दोन बायकांच्या अबोल्यात मंडळ मोडणार, असंच वाटत होतं.

तशात बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायची बंदी केली. बाईंना पेपरशिवाय सकाळ माहीत नव्हती. दोन दिवस मी जाऊन वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी गेले तर आतून वाचल्याचा आवाज येत होता. भाभी खुर्चीत बसून अग्रलेख वाचत होत्या. पार्वतीने त्यांना म्हणे सांगितलं होतं की बाईंच्या डोळ्यांना पट्टी आहे, आता तुला पाहिजे तसं वाचून घे.

भाभी पाहिजे तसं वाचत होत्या. पानी, कोन, कारन, राजकारन. जरा जास्तच मोठ्याने. बाई डोळ्यांवर काळा चष्मा लावून ऐकत होत्या. हात मांडीवर घट्ट धरलेले, पण तोंडातून अवाक्षर नाही. असं रोज चाललं. माफी कुणी मागितली नाही. दुसऱ्या आठवड्यात चहा यायला लागला, तिसऱ्या आठवड्यात बातम्यांवर दोघींची मतं.

एकदा वाचता वाचता भाभींच्या तोंडून 'पाणीटंचाई' असा शब्द चुकून अगदी शुद्ध आला. बाई खुर्चीत सावरून बसल्या.

"खैरून," त्यांनी काळजीने विचारलं, "बरं वाटत नाही का तुला?"

* * *

मेधाताईंचं काम संपत आलं तेव्हा ट्रंकेच्या तळाशी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी जड त्यांच्या हाताला लागलं. सोडून बघितलं तर दगड. मुठीएवढा जांभा दगड, एका अंगाला काळपट चिवट थर. त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी भाभींकडे पाहिलं. मग आम्ही सांगितलं.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. कुठूनसं मोबाइलवर काहीतरी आलं. खरं की खोटं हे कळायच्या आत, दुपारी चारच्या सुमाराला, नाक्याच्या या अंगाला आमच्या आळीतले पुरुष जमले आणि त्या अंगाला मोहल्ल्यातले. सुरुवात कुणी केली ते मी सांगणार नाही, वहीतही लिहिलेलं नाही. दुकानांची शटरं पडली. नाक्यावर कुणाच्या तरी कुंपणासाठी जांभा दगड फोडून ठेवलेला होता. दोन्हीकडच्या हातांत तो दिसायला लागला.

आम्ही दहा-बारा जणी बाईंच्या ओटीवर होतो. फणसपोळ्यांसाठी फणस फोडायला जमलेल्या. भाभी आमच्यात होत्या आणि त्यांना आता घरी जायला वाट नव्हती. त्यांचा मुलगा पलीकडे होता. पार्वतीचा जावई अलीकडे होता. बाई म्हणाल्या, फलक काढा, आपण जाऊन मधे उभ्या राहू. त्यांचा आवाज कापत होता. पार्वती नको म्हणाली.

"रिकाम्या हातांनी गेलो तर बाजूला सारतील," ती म्हणाली. "कामात बसलेल्या बाईला कोण हलवत नाय."

तेव्हा आम्ही फणस उचलले. गोणपाट, विळ्या, टोपं, सगळं घेतलं आणि नाक्याच्या बरोबर मधोमध बसकण मारली. मी बाईंच्या पाठीमागे बसले. भाभींनी पहिला फणस पुढ्यात ओढला. एक दगड आला आणि त्यांच्या गोणपाटाच्या कडेला पडला. त्यांनी तो आठळी बाजूला करावी तसा विळीने बाजूला केला आणि गरे काढत राहिल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी हात जोडले नाहीत. नाक्यावर एवढी माणसं आणि विळ्यांचा तेवढा आवाज.

मग बाई उठल्या. आळीकडे तोंड करून, वर्गात सांगायच्या तशा आवाजात त्यांनी सांगितलं की फणस मोठे आहेत, बायकांच्याने फुटत नाहीत, चौघे जण या. भाभींनी तेच पलीकडे बघून सांगितलं, आपल्या धाकट्या दिराला, सलीमला, नाव घेऊन. नाही म्हणावं असं कुणाला सुचलं नाही. आमच्या आळीतून आधी गणपत आला. रिक्षा चालवायचा, तापट माणूस. डाव्या हातातला दगड त्याने सोडला नाही, तसाच एका हाताने फणस धरून बसला. दुसऱ्या बाजूने सलीमने धरला. दोघांनी ओढला तेव्हा फणस उकलला आणि चीक दोघांच्या कोपरांपर्यंत ओघळला. तोवर आणखी आठ-दहा जण आले. मग आणखी.

फणसाला हात लावायच्या आधी तेल लावतात, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत आहे. आम्ही लावलं होतं. पुरुषांना आठवण करायची राहून गेली, असं मी वहीत लिहिलं आहे.

दहा मिनिटांत दोन्हीकडचे वीस-पंचवीस पुरुष हात फाकवून उभे. ना खिशात घालता येत, ना मोबाइल धरता येत. पाण्याने चीक जात नाही, आणखी बसतो. खोबरेल तेलाची बाटली एकच, ती बाईंच्या मांडीवर. आणि दोन्ही हात चिकाने भरले की आपलं आपल्याला तेल लावता येत नाही, दुसऱ्याने चोळावं लागतं. बाईंनी रांग लावली. आळीतला एक, मोहल्ल्यातला एक, अशा जोड्या पाडल्या. पोलिसांची गाडी आली तेव्हा नाक्यावर मोठमोठे पुरुष मुकाट्याने एकमेकांचे हात चोळत होते. साहेब खाली उतरले, थोडा वेळ बघत राहिले आणि काही न विचारता परत गाडीत बसले.

गणपतचा दगड मात्र हातातून सुटेना. चिकात घट्ट धरला गेला होता. सलीम त्याच्या समोर उकिडवा बसून अंगठ्याने तेल लावत होता, एकेक बोट सोडवत होता. दोघांनीही मान वर केली नाही. शेवटी दगड निघाला आणि सलीमच्या तळहातावर आला, तेव्हा तो कुठे टाकावा हे दोघांनाही कळेना. बाईंनी पदर पुढे केला.

मेधाताईंनी फॉर्म पुढे ओढला. वस्तूंसाठी त्यांच्याकडे चार रकाने होते. वस्तू, साहित्य, आकार, स्थिती. दगड. जांभा. मुठीएवढा. चौथ्या रकान्यावर पेन थांबलं आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"लिहा," बाई म्हणाल्या. "न वापरलेला."